वहीत नसलेले वाडवडील

गेल्या नाताळात आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबाने एक जाडजूड ग्रंथ आम्हांला प्रेमाने पाठविला. कापडी बांधणी, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरे, आरंभी कुलस्वामिनीचे रंगीत चित्र आणि शेवटी चार घड्या उलगडल्यावर पुरता दिसणारा वंशवृक्ष. हे घराणे शहादा तालुक्यातले, तापीकाठचे. मुळात गुजरातेतून आलेले आणि आता पाच-सहा गावांत, शिवाय सुरत, पुणे आणि परदेशातही पसरलेले. सायंप्रार्थना आटोपल्यावर आम्ही तो कुलवृत्तांत वाचावयास घेतला आणि दोन रात्रींत संपविला. आवडला, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहोत ते वाचून कोणास वाटेल की, आम्हांला असल्या पुस्तकांचा तिटकारा आहे. तसे नाही. आमचे भांडण त्यातील एकाच शब्दाशी आहे. तिसऱ्या पृष्ठावर लेखक म्हणतात की, घराण्याचे मूळ पुरुष येथे आले तेव्हा हा मुलूख ‘निर्जन’ होता.

वाचकहो, या एका शब्दासाठी एवढा लेख कशाला, असे तुम्ही विचाराल. थोडा धीर धरा.

प्रथम त्या लेखकांच्या मेहनतीविषयी. त्यांनी काय काय धुंडाळले ते वाचून आम्ही थक्क झालो. कुळाचे भाट दर काही वर्षांनी येत, घरातील जन्म, लग्ने, मुलांची नावे वहीत चढवीत आणि बिदागी घेऊन पुढच्या गावी जात. त्या वह्यांतून त्यांनी पिढ्या उतरवून घेतल्या. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्यांत पणजोबांच्या यात्रेची नोंद सापडली. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार, कडईपत्रक आणि कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, भूमी अभिलेखाच्या कार्यालयातून टिपण आणि फाळणी, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आजोबांची जन्मतारीख असे एकेक कागद जमले. काही कागद मोडीत, म्हणून मोडी वाचणारा शोधला. भाटाची वही एक सांगते आणि फेरफार दुसरेच सांगतो, अशा ठिकाणी लेखकांनी दोन्ही नोंदी शेजारी छापल्या आणि निर्णय वाचकांवर सोडला. हा प्रामाणिकपणा पदवीच्या प्रबंधांतही क्वचितच आढळतो.

आणि त्या मूळ पुरुषाचे कष्ट? ते खरेच आहेत. काळी जमीन नांगराखाली आणणे, विहिरी खोदणे, छप्पनाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, गुरे मरताना पाहून पुन्हा बियाणे जमवून उभे राहणे ही काही थट्टा नव्हे. खानदेशातील गुजर शेतकऱ्याने शेती कशी करावी याचा धडा पुष्कळांना घालून दिला. त्याचे श्रेय त्याच्या नातवंडांनी अवश्य मिरवावे.

परंतु ‘निर्जन’?

ज्या कागदांतून हा कुलवृत्तांत उभा राहिला ते कागद कशासाठी लिहिले गेले, याचा विचार करा. महसुली दप्तर कोणाच्याही वंशाची आठवण ठेवण्यासाठी जन्मले नाही. सारा वसूल करण्यासाठी जन्मले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मोजणी आली. १८५२ साली सावदा-एरंडोल भागातील शेतकऱ्यांनी त्या मोजणीविरुद्ध दंगा केला, कारण साखळी शेतातून फिरली की सारा वाढणार हे त्यांनी ओळखले होते. गंमत अशी की, ज्या मोजणीला पणजोबांनी विरोध केला त्याच मोजणीच्या कागदांवर आज पणतू आपले कुळ सिद्ध करतो! असो. मुद्दा इतकाच की, जो सारा भरतो तो वहीत येतो. जो भरत नाही त्याची जमीन ‘पडीत’ ठरते आणि तो स्वतः त्या वहीपुरता जन्मलेलाच नसतो.

मग भिल्लांचे नाव सरकारी दप्तरात कोठेच नाही काय? आहे, भरपूर आहे. १८२५ साली भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि धरणगावास औट्रम साहेबाने भिल्ल पलटण उभारली, तेव्हापासून फाइलीच फाइली आहेत. पण त्यांत भिल्ल आढळतो तो बंडखोर म्हणून, शिपाई म्हणून, गावचा जागल्या म्हणून. १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याच्या चालीरीतींवर पानेच्या पाने आहेत. मात्र अमक्या भिल्लाचा बाप कोण आणि आजा कोण, हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही. अक्कलकुव्याच्या बाजूला काठीसारख्या मेहवासी संस्थानिकांचा अंमल होता; तेथे तर इंग्रजी महसुली पद्धत धडपणे पोहोचलीच नाही. १८७८ चा वन कायदा आला, डोंगर ‘राखीव’ झाले आणि त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या कोदरी-मोर पिकविणारा माणूस एका रात्रीत परक्याच्या जागेत आला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. नकाशावर रेषा ओढल्या गेल्या, पुसल्या गेल्या. धडगावच्या वनगावांतील माणसाच्या हाती मात्र सातबारा आला नाही.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील दर शंभरांपैकी ६९ माणसे अनुसूचित जमातींची नोंदली गेली. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. इतक्या लोकांचे पणजोबा आकाशातून पडले नसतील. मग तो मुलूख निर्जन कसा?

यावर आमच्या त्या परिचितांनी दूरध्वनीवरून जे उत्तर दिले ते सौजन्यपूर्ण होते. ते म्हणाले, “फादर, आम्ही जंगल तोडून शेत केले. भिल्ल होते, पण ते शेती करीत नव्हते. आणि आता ते उकरून काढून काय मिळणार?” पहिल्या वाक्याशी आम्हांला वाद घालावयाचा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याचे उत्तर त्यांच्याच ग्रंथात आहे. परिशिष्टात त्यांनी जुन्या फेरफारांच्या छायाप्रती छापल्या आहेत. त्यांतील दोन नोंदी भिंग घेऊन वाचाव्यात. जमीन घराण्याच्या नावे चढली त्या नोंदीत देणाऱ्याचे नाव आहे. अमका वल्द तमका, आणि पुढे ‘भिल’. शेतकरी नसलेल्या माणसाकडून शेत कसे विकत घेतले? लेखकांनी घेणाऱ्याच्या नावाखाली लाल रेघ ओढली आहे. देणाऱ्याच्या नावाखाली ओढली नाही. आम्ही पेन्सिलीने ओढली.

त्या एका ओळीत निदान दोन पिढ्या आहेत, हे ध्यानात घ्या. देणारा आणि त्याचा बाप. भिल्लाच्या वंशवृक्षाची एवढीच फांदी सरकारी कागदावर शिल्लक राहिली, आणि तीही ज्या दिवशी त्याच्या हातून जमीन सुटली त्या दिवसाची. जोवर जमीन कसत होता तोवर तो अदृश्य. गमावली तेव्हा एकदाचा दिसला. त्यानंतरच्या कागदांत तो पुन्हा नाही. सालदाराचे नाव सातबाऱ्यावर कसे येईल?

हे आम्ही कोणाच्या पूर्वजांस चोर ठरविण्यासाठी लिहीत नाही. व्यवहार कायद्यात बसत असतील. सावकारी कायद्यातच बसत असे. पण शासनालाच पुढे कबूल करावे लागले की, असल्या कायदेशीरपणात काहीतरी कुजलेले आहे. १९७१-७२ मध्ये शहादे-तळोदे भागात अंबरसिंग सुरतवंतींसारखे भिल्ल तरुण आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, भू-मुक्ती परिषद झाली आणि जमिनींचा हिशेब मागितला गेला. मग ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास कायद्याने बंधन आले, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदाही झाला. आमच्या परिचितांच्या कुलवृत्तांतात १९७१ ते १९७५ या वर्षांत तीन विवाह आणि एका नातवाचे अमेरिकेस प्रयाण एवढेच घडले आहे.

पवित्र शास्त्रात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे, ती आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. नाबोथाला दगडमार झाला हे सर्वांच्या लक्षात राहते. त्याआधी काय झाले ते मात्र निसटते. ईजबेलीने पत्रे लिहिली, राजाच्या नावाने लिहिली आणि त्यांवर राजाची मोहर उठविली. साक्षीदार उभे केले, रीतसर चौकशी झाली. वडिलार्जित जमीन बळकावण्याचा तो सगळा प्रकार कागदोपत्री चोख होता.

येथवर दुसऱ्यांची झाडाझडती घेतली. आता आमची स्वतःची.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील, डोंगरातल्या एका पाड्यावरील मुलगी बारावी उत्तम गुणांनी पास झाली. पुढील शिक्षणासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी हवी. वाचकांपैकी अनेकांना ठाऊकच आहे की, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात या पडताळणीची चौकट घालून दिली आणि २००० साली आपल्या राज्याने त्यासाठी कायदा केला. चौकट योग्यच होती, कारण खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा पळविणारे थोडे नव्हते. परंतु चाळणी चोरासाठी विणली तरी तिच्यात अडकतो कोण? त्या मुलीस एका कार्यालयात सांगण्यात आले की, ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, म्हणजे अनुसूचित जमातींच्या यादीचा आदेश निघाला त्याआधीचा, आजोबा-पणजोबांचा लेखी पुरावा आणा. शाळेचा दाखला आणा. ज्या पाड्यावर तेव्हा शाळाच नव्हती तेथील पणजोबाने शाळेचा दाखला कोठून आणावा? महसुली नोंद आणा म्हणाले. वनगावात महसुली नोंद नसते. कोतवाल बुक आणा म्हणाले. त्या खोऱ्यात कोतवाल कधी चढून आल्याचे कोणास आठवत नाही.

आपल्या लोकांना आणखी एक भीती घातली जाते, ती येथेच दूर करावी. अनुसूचित जमातीचा दर्जा घटनेच्या आदेशाने धर्माशी बांधलेला नाही. बाप्तिस्मा घेतल्याने पावरा पावराच राहतो. म्हणून दर्जा जाईल या भयाने कोणी बाप्तिस्म्याचा दाखला लपवू नये.

तर ती मुलगी आणि तिचे वडील आमच्याकडे बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावयास आले. दाराशी चपला काढून, हात जोडून उभे. “फादर, तुमच्या वहीत आजोबांचं नाव असंल.” आम्ही मोठ्या विश्वासाने कपाट उघडले. कपाटे काय, आपली अभिमानाचीच जागा! ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला. प्रचलित धर्मविधानातही ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवावयाच्या आहेत आणि जुन्या वह्या जपावयाच्या आहेत. ८७७ वे कलम तर काय लिहावे तेही सांगते. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव, आईवडील, साक्षी, स्थळ, जन्माची आणि विधीची तारीख. गोव्यातील आणि वसईतील कितीतरी कुटुंबे याच वह्यांच्या आधारे आपली मुळे शोधतात.

आजोबांची नोंद सापडली. उतारवयात त्यांनी दीक्षा घेतली होती. नावाच्या रकान्यात एका प्रेषिताचे नाव. आडनावाच्या जागी वडिलांचे म्हणून जे लिहिले होते तेही बाप्तिस्म्याच्या दिवशी सुचविलेले, कागदापुरते. त्यांना सारा पाडा ज्या नावाने ओळखीत होता, ज्या नावाने त्यांच्यावर जंगल खात्याचा दंड बसला होता, ज्या नावाने त्यांच्या मुलाने पुढे वनहक्काचा दावा लावला, ते नाव त्या ओळीत नव्हते. कुळही नव्हते. आजोबांचे वडील कोण, हा धागा तेथेच तुटला. देवाच्या घरी त्यांचा जन्म लिहिला गेला आणि त्याच लेखणीने त्यांचे वाडवडील पुसले गेले.

नोंद पंचवीसएक वर्षांपूर्वीची. खाली सही होती. तिकडे पाहण्याचीही गरज नव्हती; अक्षर आमचेच होते.

नुकतीच गुरुदीक्षा झालेले आम्ही तेव्हा साहाय्यक धर्मगुरू म्हणून डोंगरात फिरत होतो. एका दिवसात वीस-पंचवीस बाप्तिस्मे, पाऊस डोक्यावर, परतीची वाट लांब. सोमवारी जन्मला म्हणून सोम्या, मंगळवारी जन्मला म्हणून मंगळ्या, बुधवारचा बुध्या ही नावे आम्हांला नावेच वाटत नसत. सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकविले, धर्मविधान शिकविले. बुध्या हे नाव लिहून ठेवावे एवढे शहाणपण कोणी शिकविले नाही आणि आम्हीही स्वतः शिकलो नाही. शाळामास्तरांनीही तेच केले. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘वसावे’, धाकट्याच्या पुढे ‘भिल’, आणि बदली होऊन आलेल्या तिसऱ्या मास्तरांना दोन्ही आवडले नाही म्हणून तिसऱ्याच्या पुढे आणखीनच काही. आज पडताळणीच्या टेबलावर हे तिघे एका आईची लेकरे ठरत नाहीत.

एज्राच्या ग्रंथात दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. बाबेलहून परतलेल्या काही याजक घराण्यांनी वंशावळीच्या वहीत आपले नाव शोधले. ते सापडले नाही. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून काढण्यात आले. मात्र त्या अधिकाऱ्याने एक दार उघडे ठेवले. उरीम व थुम्मीम घेऊन याजक उभा राहीपर्यंत थांबा, असे त्याने म्हटले. वही नाही म्हणून प्रश्न कायमचा मिटला, असे त्यालाही वाटले नाही. आमच्या तालुक्यात अनेक टेबलांवर प्रश्न मिटतो.

आणि येथे शासनाला एक गोष्ट स्पष्टपणे ऐकविली पाहिजे. पुरावा म्हणजे केवळ कागद, असे त्याचाच कायदा म्हणत नाही. २००६ चा वनहक्क कायदा घ्या. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क तो मान्य करतो. त्याखालच्या नियमांत तेरावा नियम पुराव्याविषयी आहे. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे, संस्थानी काळातील सनदा हे आहेच. शिवाय घर, झोपडी, बांध, सपाट केलेले शेत. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. जुन्या नोंदीतील माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ. आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन. २०१२ च्या दुरुस्तीने तर बजावले की, अमुकच प्रकारचा कागद हवा असा आग्रह धरू नये. दफनभूमी हा पुरावा! म्हाताऱ्याचे बोलणे हा पुरावा! हा नियम ज्याने लिहिला त्याचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण फेटाळलेल्या दाव्यांची कारणे वाचावीत तर ‘लेखी पुरावा नाही’ हेच शब्द पुनःपुन्हा दिसतात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यास स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत आमच्या पाड्यांवर चुली पेटल्या, पण जेवण कोणाला गेले नाही.

शोधावयाचे मनात आले म्हणजे शासनाला शोधता येते, हेही आपण पाहिले आहे. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर रेकॉर्ड रूम उघडल्या. धूळ झटकून मोडीचे रुमाल सोडले गेले, मोडी वाचकांना बोलावणी आली. त्या मागणीच्या न्यायान्यायाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. आमचा प्रश्न साधा आहे. अक्राणीच्या पणजोबासाठी हे का होत नाही? जंगल खात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाचे पंचनामे, गुन्ह्याच्या नोंदी त्या खात्याच्याच कपाटात आहेत. ज्या पंचनाम्याने आजा गुन्हेगार ठरला तोच पंचनामा आज नातवाचा हक्क सिद्ध करील. तो शोधून देण्याची जबाबदारी ज्याने लिहिला त्याची, की ज्याला वाचता येत नव्हते त्याची?

सरदार सरोवराच्या पाण्याची तर गोष्टच वेगळी. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना त्या पाण्याचा फटका बसला. घरे-शेते तर गेलीच. त्याबरोबर पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, पुरलेल्या माणसांच्या जागा आणि गावदेवही बुडाले. म्हणजे तेराव्या नियमाने ज्याला पुरावा म्हटले तोच शासनाच्या धरणाखाली गेला. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहणाऱ्याला आज कोणी विचारले की, तुझा आजा कोठे पुरला आहे, तर तो नर्मदेकडे बोट दाखवील.

आता वाचकांपैकी काहींना आवडणार नाही असे थोडे लिहितो. आपल्याही समाजात कुलवृत्तांतांची हौस वाढते आहे. वसईतून, गोव्यातून, मुंबईच्या उपनगरांतून आम्हांला पत्रिका येतात, आणि त्यांपैकी बऱ्याच पत्रिकांत पहिल्या पानावर आढळते की, बाप्तिस्म्यापूर्वी आमचे घराणे ब्राह्मण होते. कोठे ऋग्वेदी, कोठे सामवेदी. असेलही. परंतु सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेतलेल्या कोळ्याचा, आगऱ्याचा, मजुराचा वंश काय निपुत्रिक गेला? वंशशोधाच्या नावाखाली आपण जर केवळ मानाची पायरी शोधत असू, तर ‘निर्जन’ म्हणणाऱ्या त्या शहाद्याच्या लेखकाला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली, तीत तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरियाची बायको आहे. त्यांना वगळून वंशावळ अधिक स्वच्छ झाली असती. मत्तय जकातदार होता. वही कशी लिहावी हे त्याला आपल्यापेक्षा बरे कळत होते.

आणखी एक मोह आमच्यासमोर हात जोडून येतो. “फादर, वहीत मागल्या तारखेची एक ओळ घाला. कोण बघतं?” मागणारा लबाड नसतो, गांजलेला असतो. तरी आम्ही ते करीत नाही. आमचा नाशिक धर्मप्रांतच मुळी १९८७ सालचा आणि आमच्या वह्याही तरुण. १९५० पूर्वीची ओळ त्यांत घातली तर ती पहिल्याच तपासणीत उघडी पडेल आणि तिच्यासोबत इतर शंभर खऱ्या ओळी संशयित ठरतील. एका प्रौढ गृहस्थांना असा नकार दिला, तेव्हापासून ते मिस्साला येत नाहीत. हे आमच्या मनाला लागून राहिले आहे. पण निर्णय बदललेला नाही.

त्या मुलीचे काय झाले? प्रोटेस्टंट मिशनच्या एका जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिच्या आजोबांच्या चुलतभावाची नोंद मिळाली, जमातीच्या उल्लेखासह, १९५० पूर्वीची. आजोबा आणि तो चुलतभाऊ एकाच आज्याचे, हे कोणी सांगावयाचे? पाड्यावरील तीन वृद्धांनी शपथपत्रे केली, आम्ही नोंदवहीतील आमच्या चुकीविषयी लेखी निवेदन दिले. काम झाले, पण प्रवेशाचे एक वर्ष गेले. ते वर्ष आमच्या अक्षराने गेले.

तेव्हापासून आम्ही एक स्वतंत्र वही केली आहे. दोनशे पानी, साधी. मिस्सासाठी पाड्यावर गेलो की विधीनंतर कारभारी, पुजारा, म्हाताऱ्या बाया यांना घेऊन बसतो. ख्रिस्ती असो वा नसो. कुळाचे नाव, माणसाची सगळी नावे, बाप, आजा, पणजा, त्यांच्या बायका कोणत्या गावच्या, कोणास कोठे पुरले, कोणत्या झाडाखाली, कोणी कोणते शेत फोडले, कोणत्या दुष्काळात कोठे गेले आणि कधी परतले. सांगणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा, तारीख, दोन साक्षीदार. एक प्रत ग्रामसभेकडे. बायकांना बसविल्याशिवाय ही वही लिहू नये, असा आमचा अनुभव आहे. पुरुष पूर्वजांचे पराक्रम सांगतात, कोणाचे लग्न कोणत्या होळीनंतर झाले हे बायकांना आठवते, आणि वर्षे त्यावरूनच बसतात. आतापर्यंत अकरा पाडे झाले. पहिल्या वर्षी ज्यांनी सांगितले त्यांपैकी चौघे आज हयात नाहीत.

गेल्या महिन्यात सातपुड्यातील एका सोंडेवर असेच बसलो होतो. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांनी अधू. बोटांच्या पेरांवर मोजीत तो सात पिढ्या मागे गेला आणि थांबला. हा पहिला, म्हणाला. याने ही सोंड फोडली. आम्ही सवयीने लिहिले: मूळ पुरुष. मग सहज विचारले, “आजोबा, त्याच्या आधी इथे कोण होतं?” तो अजिबात अडखळला नाही. दुसऱ्या एका कुळाचे नाव त्याने घेतले. ते लोक आजारपणात उठून खाली गेले, त्यांचे दगड ओढ्याकाठी आहेत, आणि नवे धान्य आले की पहिली मूठ आम्ही तेथे टाकतो, मग आमच्या पूर्वजांना देतो, असे त्याने सांगितले. आमची लेखणी थांबल्याचे त्याला कसे कळले कोण जाणे. त्याने आमचा गुडघा चाचपडून धरला आणि ते नाव लिहिले का, असे विचारले. लिहितो म्हटले. त्याने पुन्हा विचारले. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाला, फादरनी काय लिहिलं ते वाचून दाखव. नातवाने वाचले. कुळाच्या नावात एक अक्षर चुकले होते. ते त्याने आमच्याकडून खोडून घेतले आणि पुन्हा लिहवून घेतले.